शासकीय तंत्रनिकेतन, नाशिक : प्रवेश घेण्याआधी काय पाहावे

निफाड तालुक्यातील एका पालकांचा प्रश्न आहे. मुलीला दहावीला ८४ टक्के गुण मिळाले आहेत, तिला इंजिनिअर व्हायचे आहे, आणि नाशिकच्या शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळाली तर ती घ्यावी की तिला अकरावी विज्ञानाला घालावे, याचा निर्णय घरात होत नाही. शाळा मराठी माध्यमाची आहे, घरी द्राक्षबाग आहे. नातेवाइकांपैकी काही जण ‘सरकारी कॉलेजात कोणी शिकवत नाही’ असे सांगतात, तर काही जण ‘फी नाममात्र आणि नोकरी पक्की’ असे सांगतात. कॉलेज नेमके कसे आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मी पदविका (डिप्लोमा) स्तरावर विद्युत अभियांत्रिकी शिकवत आलो आहे आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर अर्ज तपासण्याचे कामही करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांचे बोलणे अर्धे खरे आहे आणि दोघेही कॉलेजबद्दलच बोलत आहेत, मुलीबद्दल नाही. शासकीय तंत्रनिकेतनात कार्यशाळा असते, यंत्रे असतात, पात्र शिक्षक असतात, आणि गुणवत्तेवर निवडून आलेले वर्गमित्र असतात. मात्र विद्यार्थी दोन दिवस आला नाही तर घरी फोन करणारी, चाचणीत मागे पडला तर संध्याकाळी जादा वर्ग घेणारी व्यवस्था तिथे कमी असते. जे आहे ते मागून घेणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे खूप मिळते; कोणी आणून देईल अशी वाट पाहणाऱ्याला फार थोडे मिळते. म्हणून आपला खरा प्रश्न असा आहे : पंधरा-सोळा वर्षांची ही मुलगी, तिचा रोजचा प्रवास, तिचे गणित आणि तिचा स्वभाव पाहता, तिथे जे आहे ते तिला स्वतःहून घेता येईल का?

याचे उत्तर बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. शाखा कोणती मिळते, राहण्याची सोय होते की रोज ये-जा करावी लागते, गणितात तिला ८४ टक्क्यांतले किती गुण आहेत, आणि आपला प्रवर्ग कोणता, या चार गोष्टी मला माहीत नाहीत. त्या जशा असतील तसा सल्ला बदलेल, आणि कुठे बदलेल ते पुढे सांगत जाईन.

आधी अकरावी की पदविका हा मुद्दा. मुलीने डॉक्टर, औषधनिर्माण किंवा मूलभूत विज्ञान यांपैकी एखादा दरवाजा मनात थोडा जरी उघडा ठेवला असेल, तर अकरावीच घ्यावी, कारण पदविकेनंतर वैद्यकीय शाखेकडे वळता येत नाही. तिचे मन अभियांत्रिकीवर ठाम असेल, तर पदविका हा कमी प्रतीचा मार्ग नाही. दहावीनंतर तीन वर्षांची, सहा सत्रांची पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची असते, आणि ती पूर्ण केल्यावर पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यासाठी मंजूर जागांच्या १० टक्के जादा जागा असतात आणि पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यात मिळतात. बारावीमार्गे जाणारा विद्यार्थी दहावीनंतर सहा वर्षांनी पदवीधर होतो. पदविकामार्गे जाणाराही सहा वर्षांनीच होतो, मात्र त्याच्या हाती मध्येच एक स्वतंत्र पात्रता आलेली असते. शेतीच्या घरात, जिथे एखादे वर्ष गारपिटीत किंवा पडलेल्या भावात जाऊ शकते, तिथे या मधल्या टप्प्याला मी फार मोल देतो. प्रवेश परीक्षेच्या खासगी क्लासचा दोन वर्षांचा खर्चही यात वाचतो.

पण या मार्गाची किंमत पहिल्या वर्षात चुकवावी लागते, आणि ती कोणी नीट सांगत नाही. बारावीच्या विद्यार्थ्याला त्रिकोणमिती आणि कलन (कॅल्क्युलस) दोन वर्षांत पसरून मिळते. पदविकेच्या विद्यार्थ्याला ‘बेसिक मॅथेमॅटिक्स’मध्ये बीजगणित, त्रिकोणमिती, सरळ रेषा आणि विकलन (डिफरन्सिएशन) पहिल्याच सत्रात समोर येते, दुसऱ्या सत्रात समाकलन (इंटिग्रेशन) आणि विकलक समीकरणे येतात. त्यातच प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिले सत्र आखूड होते, कारण हिवाळी परीक्षा फारशी पुढे सरकत नाही. शेवटच्या फेरीत आलेल्या विद्यार्थ्याचे दोन-तीन आठवडे आधीच गेलेले असतात आणि ते भरून काढण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. दहावीत ९० टक्के मिळवलेली मुले पहिल्या सत्रात गणितात नापास होताना मी पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती, वेग त्यांच्या लक्षात आला तेव्हा पहिली चाचणी होऊन गेलेली होती. लेखी विषयात साधारणपणे ७० गुण सत्रान्त परीक्षेचे आणि ३० गुण सत्रातल्या दोन चाचण्यांचे असतात, त्यामुळे चाचणी हलकी घेणाऱ्याला तिचा फटका निकालात दिसतो. मंडळाच्या प्रचलित नियमांनुसार पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही, म्हणजे पहिल्या सत्रातला एक अडकलेला विषय विद्यार्थ्याला दोन वर्षांनी गाठतो. म्हणून ८४ टक्के या आकड्यापेक्षा तिच्या गणिताचे गुण आणि त्याहून अधिक तिची गणिताची वही पाहा. पायऱ्या लिहून उदाहरण सोडवण्याची सवय असेल तर काळजी करू नका. पाठ केलेल्या पद्धतीवर गुण मिळाले असतील तर आत्ताच तयारी सुरू करावी लागेल.

मराठी माध्यमाची भीती मात्र लोक वाजवीपेक्षा जास्त बाळगतात. पहिले दोन महिने पुस्तकातली वाक्ये कळत नाहीत, हे खरे आहे. पण तांत्रिक इंग्रजीचा शब्दसंग्रह मर्यादित असतो, तीच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते, आणि वर्गात शिक्षक बहुधा मराठी-इंग्रजी मिसळूनच समजावतात. मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाचा पर्यायही दिला आहे आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदविकेची काही पुस्तके मराठीत उपलब्ध केली आहेत. आपल्या शाखेत तो पर्याय कसा राबवला जातो, ते विभागात विचारून घ्या. माझे मत असे आहे की समजून घेण्यासाठी मराठीचा आधार जरूर घ्यावा, पण उत्तरे लिहिण्याचा सराव पहिल्या सत्रापासून इंग्रजीत करावा, कारण पदवीची परीक्षा आणि कंपनीतली कागदपत्रे इंग्रजीतच असतील.

आता ‘सरकारी कॉलेजात शिकवत नाहीत’ या आक्षेपाकडे येतो. राज्यातील शासकीय तंत्रनिकेतनांतील अध्यापक निवड प्रक्रियेतून आलेले असतात आणि त्यांतील अनेकांचा विषयाचा अभ्यास उत्तम असतो. अडचण वेगळी आहे. नियमित पदे रिक्त राहतात, अध्यापकांच्या बदल्या होतात, काही विषय तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे असतात, आणि एखाद्या सत्रात एखादा विषय उशिरा सुरू होतो. त्यामुळे ‘हे कॉलेज शिकवते का’ हा प्रश्न संपूर्ण संस्थेबद्दल विचारून उपयोग नाही. तो विभागाबद्दल, शक्य असेल तर विषयाबद्दल विचारावा लागतो. एकाच आवारात एक विभाग अतिशय जिवंत आणि शेजारचा मरगळलेला असू शकतो, आणि खासगी संस्थांतही हेच दिसते. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यतासुद्धा संस्थेला सरसकट मिळत नाही, अभ्यासक्रमानुसार मिळते. तेव्हा ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ असे कोणी म्हटले तर ‘कोणत्या शाखेला, कोणत्या वर्षापर्यंत’ असे विचारावे.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रवेशाच्या अर्जात पर्याय भरण्याआधी मुलीला घेऊन एकदा तंत्रनिकेतनाच्या सामनगाव रस्त्यावरच्या आवारात जाऊन या, आणि तेही वर्ग किंवा प्रात्यक्षिके चालू असतील अशा दिवशी. सुट्टीतल्या आवारात फक्त इमारत आणि झाडे दिसतात. प्रवेशाचा काळ सत्राच्या सुट्टीत आला, तर निदान प्रयोगशाळा उघडून दाखवण्याची विनंती करा. बहुतेक विभागप्रमुख ती आनंदाने मान्य करतात.

तिथे काय पाहायचे ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण शासकीय तंत्रनिकेतनाची खरी संपत्ती कार्यशाळेत आणि प्रयोगशाळेत असते. यंत्र नवे आहे की जुने, याला मी फार महत्त्व देत नाही. जुन्या लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) शिकलेला विद्यार्थी नव्या लेथवर तासाभरात रुळतो, आणि डीसी मोटरचा वेग कसा बदलतो हे चाळीस वर्षांपूर्वीच्या मोटरवरही तितकेच स्पष्ट दिसते. पाहायचे ते यंत्र वापरात आहे का. लेथच्या बेडवर ताजे तेल आहे का, कार्यशाळेत लोखंडाचा कीस पडलेला आहे का, विद्युत प्रयोगशाळेतल्या जोडतारांची टोके वापरून घासलेली आहेत का, मीटरवर तपासणीची चिठ्ठी आहे का. कपाटात कुलूपबंद असलेले महागडे उपकरण विद्यार्थ्याच्या काहीही कामाचे नाही. दुसरे, एका प्रयोग-टेबलाभोवती किती मुले उभी राहतात ते विचारा. चार-पाच असतील तर प्रत्येकाचा हात लागतो. दहा-बारा असतील तर दोघे जोडणी करतात आणि बाकीचे वाचने उतरवून घेतात. मुलींच्या बाबतीत हे अधिक जपून पाहावे लागते. मिश्र गटात जोडणी मुलांनी करायची आणि नोंदी मुलींनी सुबक अक्षरात लिहायच्या, ही वाटणी कोणी न ठरवता आपोआप होते, आणि तिसऱ्या वर्षी ती मुलगी मोटर स्टार्टरला हात लावायला कचरते. मी माझ्या गटांत दर प्रयोगाला जोडणी करणारा विद्यार्थी आळीपाळीने बदलतो आणि नोंदी घेणाऱ्यालाच तोंडी प्रश्न विचारतो. आपल्या मुलीला सांगा की पहिल्या प्रात्यक्षिकापासून पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या हातात घ्यायचा, आणि कोणी ‘तू लिही’ म्हटले तर ‘आज मी जोडते, तू लिही’ असे शांतपणे म्हणायचे.

तिसरे, दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांशी बोला, शक्यतो आपल्या तालुक्यातून येणाऱ्या मुलींशी. ‘कॉलेज चांगले आहे का’ असे विचारले की त्या ‘हो’ म्हणतात, आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा की मागच्या सत्रात कोणता विषय उशिरा सुरू झाला, कोणत्या प्रयोगाला तुझा स्वतःचा हात लागला, आणि शेवटचे प्रात्यक्षिक संपल्यावर तू घरी किती वाजता पोहोचतेस. या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जातात. विभागात सत्रनिहाय निकालाचे विश्लेषण तयार असते, तेही मागून पाहा. तिसऱ्या वर्षाचा निकाल सगळीकडेच बरा असतो, म्हणून पहिल्या वर्षाचा पाहावा.

शाखेबद्दल बोलताना मी विद्युत शाखेचा आहे हे लक्षात ठेवूनच वाचावे. सध्या बहुतेक पालकांचा पहिला पर्याय संगणक असतो आणि त्यामुळे तिथली गुणवत्ता यादी वर जाते. ८४ टक्क्यांना ती शाखा मिळेल की नाही, हे प्रवर्ग, जिल्हा आणि फेरी यांवर ठरेल. तंत्रशिक्षण संचालनालय मागील वर्षाचे फेरीनिहाय शेवटचे गुण प्रसिद्ध करते, त्यात आपल्या प्रवर्गाची ओळ पाहिली की अंदाज येतो. पण संगणक मिळाला नाही म्हणून स्थापत्य, यंत्र किंवा विद्युत शाखा नाइलाज म्हणून घेऊ नये. नाशिकसारख्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती, सिन्नरचा पट्टा, गोंदे-वाडीवऱ्हे, ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, नाशिकरोडचे नोट मुद्रणालय आणि प्रतिभूती मुद्रणालय, शिलापूरची विद्युत उपकरणे तपासणारी केंद्रीय प्रयोगशाळा, दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’ ही पाटबंधाऱ्यांशी निगडित संशोधन संस्था, हे सगळे आपल्या घरापासून दीड-दोन तासांच्या आत आहे. वाहनांचे भाग, स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांना रोज लागणारा माणूस हा पदविकाधारक असतो : चित्र वाचता येणारा, यंत्र चालू स्थितीत ठेवणारा, कामगार आणि व्यवस्थापक या दोघांशी बोलू शकणारा. स्थापत्य आणि विद्युत शाखेच्या पदविकाधारकांना सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद आणि वीज कंपन्यांतील कनिष्ठ अभियंता व तत्सम पदांच्या भरतीतही वाव असतो, फक्त या भरत्या नियमित निघत नाहीत आणि त्यांच्या भरवशावर शाखा निवडू नये. मुलीला जे हाताने करायला आवडते ते निकष म्हणून वापरा. घरची पाण्याची मोटर बंद पडली की ती जवळ येऊन पाहते का, की तिला हिशेब आणि मोबाइलमधल्या मांडणीत रस आहे? हा निकष साधा आहे, पण माझ्या पाहण्यात तो खूप वेळा बरोबर ठरला आहे.

फीबद्दल नातेवाइकांचे म्हणणे खरे आहे, पण मुलीच्या बाबतीत चित्र बदलले आहे आणि त्याचा आपल्या निर्णयावर परिणाम होतो. शासकीय तंत्रनिकेतनाचे वार्षिक शुल्क काही हजारांत असते, तर खासगी संस्थांचे त्याच्या कितीतरी पट. मात्र ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के लाभ मिळतो. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना स्वतंत्र आहेत. याचा अर्थ असा की मुलीसाठी केवळ फी हे शासकीय संस्था निवडण्याचे कारण पूर्वीइतके वजनदार राहिलेले नाही. खासगी संस्थेतही शिक्षण शुल्क माफ होऊ शकते. तरीही खासगी संस्थेत इतर शुल्के, बसभाडे, अनामत अशा रकमा उरतात, त्या लेखी मागून घ्या. आणि संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही, हे कोणी पटकन सांगत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरणाने भरावा लागतो. एकदा भरला की तीन वर्षे चालतो, या समजुतीत अनेक जण दुसऱ्या वर्षी लाभ गमावतात.

आता प्रवासाबद्दल. माझ्या दृष्टीने आपल्या बाबतीत सर्वात निर्णायक गोष्ट हीच आहे. तंत्रनिकेतन नाशिक शहराच्या मध्यावर नाही, नाशिकरोडकडच्या बाजूला आहे. सिन्नरच्या विद्यार्थ्याला ते पुणे महामार्गाने सोयीचे पडते. निफाडकडून येणाऱ्यांना रेल्वेचा मार्ग आहे : निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा, मग नाशिकरोड. पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत आणि त्यांच्या वेळा कॉलेजच्या वेळापत्रकाशी जुळतीलच असे नाही. रस्त्याने आलात तर एसटीने नाशिक, तिथून सिटीलिंकच्या शहर बसने नाशिकरोड, आणि द्वारका चौकातली कोंडी ठरलेलीच. एसटीत महिलांना निम्मे भाडे आणि विद्यार्थ्यांना सवलतीचा पास आहे, रेल्वेचाही सवलतीचा पास मिळतो, त्यामुळे पैशाचा प्रश्न सुटतो. वेळेचा सुटत नाही. रोज चार तास प्रवासात गेले तर त्या मुलीकडे गणिताचा सराव आणि प्रयोगवही यांसाठी काय उरेल, याचा हिशेब कागदावर मांडा. माझा अनुभव असा की एका बाजूचा प्रवास सव्वा तासाच्या आत असेल तर मुले निभावून नेतात. त्याहून जास्त असेल तर पहिल्या वर्षी निकालावर परिणाम दिसतो. शिवाय २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत आणि त्याआधीपासून शहरातील रस्त्यांची कामे चालू राहणार, तेव्हा ये-जा करण्याचा निर्णय घेताना ते दिवसही धरून चाला.

राहण्याचा पर्याय असेल तर तो पहिल्या वर्षापुरता तरी घ्यावा, असे मला वाटते. शासकीय तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहातील जागा मर्यादित असतात आणि गुणवत्ता व अंतर पाहून दिल्या जातात, म्हणून प्रवेश निश्चित झाल्या दिवशीच वसतिगृहाचा अर्ज द्या. त्याशिवाय सामाजिक न्याय विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास निर्वाहासाठी रक्कम देणाऱ्या योजनाही प्रवर्गानुसार आहेत : स्वाधार, स्वयंम, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, काहींत अभ्यासक्रमाच्या स्तराची आणि महाविद्यालयाच्या ठिकाणाचीही अट असते. मुलीची खोली पाहताना नाशिकरोड स्थानकाच्या गर्दीत पाहण्यापेक्षा कॉलेजच्या बाजूला, जिथे आधीच विद्यार्थिनी राहतात अशा घरात पाहा.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, गणिताची तयारी आणि प्रवासाचा वेळ या दोन गोष्टी जमत असतील तर ही जागा घेण्यास माझा स्पष्ट होकार आहे. शाखा दुय्यम आहे, आणि फी आपल्या बाबतीत निर्णायक नाही.

प्रवेश प्रक्रियेबद्दल थोडेच सांगतो, कारण नियम दरवर्षी थोडे बदलतात आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका हाच आधार असतो. पर्याय भरताना ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडीचा पर्याय खाली टाकू नका. वाटप गुणवत्ता क्रमांकाने होते. वर अवघड पर्याय लिहिल्याने खालचा सोपा पर्याय हातचा जात नाही. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो, आणि पुढच्या फेऱ्यांत हे बंधन आणखी काही पर्यायांपर्यंत वाढते. म्हणून जी जागा मिळाल्यास मुलगी खरोखर जाणार नाही, ती वरच्या क्रमांकांत लिहूच नये. सुविधा केंद्रावर सर्वात जास्त अडतात ती कागदपत्रे : उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत, आणि दाखल्यांवरील नावातील फरक. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक आणि जातीच्या दाखल्यावर दुसरे, हे मी सतत पाहतो. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधीच ते तहसीलमधून आणि शाळेतून दुरुस्त करून घ्या. जात वैधता प्रमाणपत्र पुढे पदवीच्या प्रवेशाला लागतेच, म्हणून राखीव प्रवर्गातून प्रवेश असेल तर पदविकेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच महाविद्यालयामार्फत अर्ज करून टाका. अडचण आलीच तर तंत्रशिक्षणाच्या सहसंचालकांचे नाशिक विभागीय कार्यालयही सामनगाव रस्त्यावरच तंत्रनिकेतनाच्या आवारात आहे, तिथे लेखी अर्ज देता येतो.

‘नोकरी पक्की’ या वाक्याबद्दल एवढेच की पदविकेनंतर मोठ्या संख्येने मुले पदवीकडे वळतात, त्यामुळे आवारातल्या मुलाखतींचे टक्के ऐकून काही ठरवू नये. कोणती कंपनी आली, तिने शिकाऊ म्हणून घेतले की कायम, आणि एका वर्षाने त्यांतली किती मुले तिथे टिकली, असे विचारावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील एक वर्षाचे प्रशिक्षण मी कमी लेखत नाही. ओझरच्या विमान कारखान्यासारख्या ठिकाणी ते मिळाले तर त्या वर्षात मुलगी जे शिकेल ते वर्गात शिकवणे आम्हाला शक्य नाही. आणि तिला पदवी करायची असेल, तर तिसऱ्या वर्षात गणित विसरू देऊ नका. थेट दुसऱ्या वर्षात गेलेली मुले प्रात्यक्षिकांत इतरांच्या पुढे असतात आणि गणितात मागे पडतात, कारण पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेलेच नसते. नाशिकमधली पदवी महाविद्यालये मुख्यतः खासगी संस्थांची आहेत, पण पदविकेचे गुण चांगले असतील तर पुण्याचे सीओईपी आणि मुंबईचे व्हीजेटीआय या नामांकित अभियांत्रिकी संस्थांचे दरवाजेही थेट दुसऱ्या वर्षासाठी उघडे असतात, आणि ते लक्ष्य पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे.

निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत जो काळ मिळतो, तो आपल्या मुलीच्या हातात आत्ता आहे. त्या काळात रोज तासभर तिने दहावीचे बीजगणित आणि त्रिकोणमितीची सूत्रे पुन्हा करावीत, लॉगॅरिथम आणि आलेख काढणे शिकून घ्यावे, आणि विज्ञानातले विद्युतधारा व बल हे धडे इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून एकदा वाचावेत. तिच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांना भेटून ‘हिला पदविकेच्या पहिल्या सत्रात विकलन आहे, त्याआधी काय पक्के करून घ्यावे’ असे विचारा. ते तिला ओळखतात, त्यामुळे तिची नेमकी कच्ची जागा माझ्यापेक्षा त्यांना चांगली सांगता येईल. तिचे गणिताचे गुण, आपला प्रवर्ग आणि घरापासून निफाड स्थानकाचे अंतर कळवलेत, तर पर्यायांच्या क्रमाबद्दल अधिक नेमके लिहीन.